पत्रकाची पहिली प्रत

आमच्या घरात माणसं भांडत नसत, पत्रक काढत. बाबांनी दारूच्या दुकानाविरुद्ध काढलं, खोट्या वजनकाट्याविरुद्ध काढलं, एकदा सख्ख्या भावाविरुद्धही काढलं. नियम एकच होता. पहिली प्रत ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्या हातात द्यायची आणि उत्तरासाठी एक दिवस थांबायचं. उत्तर आलं नाही तर ती कबुली.

चार वर्षांपूर्वी, वाशिमकडच्या मालेगावजवळच्या आमच्या गावात, केबलवर दुपारची मालिका चालू असताना चित्र तसंच राहिलं आणि आवाज बदलला. घोगरा, डब्यातून आल्यासारखा. "आम्ही दूरच्या ग्रहावरून बोलत आहोत. तुमच्या क्रौर्याची नोंद होत आहे." पाच-सहा मिनिटं हेच. मग पुन्हा मालिकेतली सासू बोलू लागली.

दुसऱ्या दिवशी लोकांनी टीव्हीला हळदकुंकू वाहिलं. एका बाईनं तापानं फणफणलेलं लेकरू दवाखान्यात न्यायचं सोडून टीव्हीपुढे निजवलं. माझं डोकं फिरलं. हे कोणीतरी माणसानंच केलं होतं आणि तो मला गावापुढे उभा करायचा होता.

केबलमालकाकडे कामाला असलेला वायरमन आवाज आला त्याच दुपारी पारामागच्या खांबावर चढताना मी पाहिला होता. मला तेवढं पुरलं. 'परग्रहावरून नव्हे, खांबावरून!' असं शीर्षक दिलं आणि रिसोडहून पत्रकं छापून आणली. त्यातलं 'पक्कड घेऊन हिंडणारा कोल्हा' हे मला इतकं आवडलं होतं की एसटीत मी ते दोनदा वाचलं.

तो अंगणात वायर सोलत बसला होता. पन्नाशीचा, शांत.

"काका, हे वाचा. उद्यापर्यंत उत्तर पाहिजे."

त्यानं कागद उलटासुलटा केला, चार घड्या घालून खिशात ठेवला. "बरं बाई. मालकाले देतो."

मला ती मग्रुरी वाटली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं नाही. मी पत्रकं वाटली.

त्याला अक्षर येत नव्हतं, हे मला फार नंतर कळलं. लोक त्याच्या हाती तक्रारीचे कागद द्यायचे, तो ते न बघता मालकाकडे पोचवायचा. माझाही त्यानं तसाच पोचवला. मालकानं वाचला, त्याच्याकडची पक्कड काढून घेतली आणि कागद अंगावर फेकला. पोरं त्याच्या मागं ओरडायची, "ओ मंगळवाले, सिग्नल येऊन राह्यला का?" माझ्या लिखाणाचा परिणाम होतोय म्हणून मी खूश होते.

पंधरा दिवसांनी वाशिमहून केबल कंपनीची माणसं येऊन लाइन तपासून गेली. कोणीतरी गावाबाहेर, शिवारातच, वायरीला जोड मारून तो आवाज सोडला होता. कोणी, ते आजही कळलेलं नाही. वायरमन खांबावर चढला होता तो आवाज बंद करायला. तोवर मालकानं दुसरा माणूस ठेवला होता.

मी त्याच्या घरी गेले. त्याची बायको दारातच म्हणाली, "आता काय आणलं वं? आणखी एक कागद?"

"काका, चूक झाली. मी माफीचं पत्रक काढते."

"मले कायले?" तो म्हणाला. "मले वाचता येते का?"

मग त्यानं खिशातून तीच पहिली प्रत काढली. घड्यांवर फाटत आलेली. "सारे मले पाहून हासतात, पण पुरतं कोणी वाचून दाखवत नाही. तू लिहेल हाय न? तूच वाच."

मी ओळींवर बोट ठेवून वाचू लागले. कोल्ह्याची ओळ आली तेव्हा ती सोडून मी पुढची घेतली.

"थांब," तो म्हणाला. "तुह्यं बोट दोन ओळी खाली उतरलं. मधली राह्यली."

बायको चुलीपाशी थांबली होती. मी बोट वर नेलं आणि ती ओळ वाचली.

"आता पुन्हा वाच," तो म्हणाला. "हिले नीट ऐकू नाही गेलं."