म्हाताऱ्यांना फुकट दाखवलेला विनोदी सिनेमा

“बाई, हसा ना जरा,” मॅनेजर पडद्याच्या फटीतून मला म्हणाला. “तुमी हसल्या की बाकीच्या हसतील.”

मला चारचौघांत मोठ्यानं बोलायचीही लाज वाटते. हसणार कुठून?

तेव्हा निजामाचं राज्य होतं. कल्याणीला, म्हणजे आताच्या बसवकल्याणला, आमच्या टॉकीजचा तंबू लागला होता. मी जनान्यावर होते. जनाना म्हणजे बायकांची बसायची बाजू. पुरुषांच्या आणि तिच्या मध्ये जाड पडदा. मशीन एकच, म्हणून दर रीळ संपलं की दिवे लागायचे. त्याआधी मी पडदा ओढून घ्यायचा, अंधार झाला की बाजूला सारायचा. काम एवढंच. पण एकदा जरी चुकलं असतं, तर दुसऱ्या दिवशी एकही बाई आली नसती.

त्या दिवशीचा सिनेमा म्हातारपणावर होता, आणि म्हणे विनोदी. विनोद काय, तर म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. धोतर सावरताना तो पडतो. उठतो आणि परत पडतो. सुना त्याची कवळी लपवतात. हे लिहिणाऱ्याच्या घरी म्हातारं माणूस नसावं. किंवा असेल, आणि त्याच्याकडे कुणी बघत नसेल.

त्यावर मॅनेजरची अक्कल. तो हैदराबादचा, तरुण. सिनेमा म्हाताऱ्यांचा आहे, म्हणून पहिल्या खेळाला म्हाताऱ्यांना फुकट, अशी त्यानं दवंडी पिटवली. आले की सगळे! मानाचे म्हणून पुढच्या सतरंजीवर बसले. बाप पुढं, पोरं मागं. जनान्यात सासवा पुढं, सुना मागं. आमच्याकडे सून सासूसमोर दात काढत नाही. बाप दिसला की पोरगा बिडी विझवतो. तो बापाच्या पाठीमागं बसून, म्हातारा पडला म्हणून खिदळणार?

दोन रिळं झाली. कुणी हसेना. तिसऱ्या रिळात सुनांनी म्हाताऱ्याची काठी पळवली. तो जमिनीवर चाचपडायला लागला. एवढ्यात शिवक्का उभी राहिली. तेलाच्या दुकानवाल्यांच्या घरची ही थोरली सासू.

“अगं ये भवाने, दे की त्याची काठी! कामून छळायलीस म्हाताऱ्याला?”

“अक्का, तिला ऐकू जातंय व्हय?” शेजारची म्हणाली. “पडद्यावर हाय ती.”

“मग आणा हिकडं. मी बघते तिच्याकडं.”

सगळा तंबू हसला. सुनांनी तोंडात पदर कोंबले. त्या खेळातलं हे पहिलं हसू, आणि ते सिनेमाच्या वाट्याला आलं नव्हतं.

मॅनेजर धावत आला. “कोन वरडली? काढा तिला बाहेर!”

“म्हातारी हाय हो,” मी म्हटलं.

“तर काय झालं? काढा, न्हाईतर उद्यापासून तुमालाच सुट्टी.”

माझ्या पगारावर मी आणि माझी आंधळी आई जेवत होतो. तरी म्हटलं, “न्हाई काढणार.”

शिवक्कानं ऐकलं. “कुणाला काढायलाय? मला? चला गं, उठा.”

ती निघाली तशा तिच्या सुना उठल्या. मग दुसऱ्या सासवा उठल्या, त्यांच्या सुना उठल्या. बायकांना अंधारात घरी कोण नेणार, म्हणून पुरुषही उठले. पडद्यावरचा म्हातारा रिकाम्या सतरंज्यांसमोर पडत राहिला.

दुसऱ्या दिवशी टॉकीजचे मालक आले. मॅनेजरनं सगळं माझ्यावर ढकललं.

मालकांनी विचारलं, “बाई, कामून न्हाई काढलं तिला?”

“तिला काढल्यावर जनान्यात कोण आलं असतं, मालक?”

सिनेमाच्या रिळांची पेटी त्याच दिवशी हैदराबादला परत गेली. पेटीसोबत मालकांनी मॅनेजरलाही पाठवलं. पेट्या पुढं पुष्कळ आल्या, तो आला नाही. मी जनान्यावरच राहिले.

तो सिनेमा मोठ्या शहरात बरा चालला, असं नंतर कानावर आलं. चालला असेल. म्हाताऱ्यांवर हसायचं तर आधी त्यांना घरी ठेवून यावं लागतं. शहरातल्या लोकांना तेवढं जमत असणार.