डिकीच्या कडेचा ओघळ

आमच्या घरमालक काकांना कोणी ताजमहाल दाखवायला नेलं, तर ते दोन मिनिटं गप्प उभे राहतील, मग शिडी मागवतील आणि खिशातली पिवळी पेन्सिल काढून घुमटावर तीन गोल काढतील. हे मी स्टँपपेपरवर लिहून द्यायला तयार आहे. शिवाय ते गोल बरोबर जागी असतील, हेही.

काकांनी पिंपरीच्या एका गाड्यांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं पेंट शॉपमध्ये शेवटचे इन्स्पेक्टर म्हणून काढली. रंगून आलेली प्रत्येक गाडी त्यांच्यासमोर थांबायची. ट्यूबलाइटच्या उजेडात ते तिरकी मान करून बघायचे, बोट फिरवायचे, आणि चूक सापडली की पिवळ्या मेणाच्या पेन्सिलीने तिच्याभोवती गोल. गोल म्हणजे गाडी परत. रिटायर होऊन मुलाकडे कॅनडात ब्रॅम्पटनला आले, पुढे मुलगा नोकरीसाठी व्हँकुव्हरला गेला, घर काका-काकूंकडे राहिलं, बेसमेंट मला मिळालं. पेन्सिल मात्र खिशातून निघालीच नाही. मी बेसमेंट बघायला आले तेव्हा त्यांनी माझा जॉब विचारला नाही, क्रेडिट स्कोअर विचारला नाही. माझ्या लॅपटॉपच्या झाकणावर बोट फिरवलं आणि कोपऱ्यातल्या चरीभोवती एक सुबक गोल काढून म्हणाले, "कधी पडला?" मी म्हटलं, नागपूर एअरपोर्टवर. खरं सांगितलं म्हणून रूम मिळाली, असं काकू नंतर म्हणाल्या.

आणि हे सगळीकडेच चालायचं. दारातला स्नो शोव्हलने उपसला की ढिगाची कड दोरी लावून सरळ करायचे. पेन्सिल पोळीवर उमटत नाही म्हणून पोळीच्या जाड कडेला अंगठ्याने दाबून खूण करायचे आणि काकूंकडे ताट सरकवायचे. मिसिसागाच्या गणपतीत डेकोरेशनच्या आदल्या दिवशी ट्यूबलाइट घेऊन पोचले आणि मखराच्या खांबांवर एकोणीस गोल काढले. तेव्हापासून कमिटी त्यांना फक्त चपलांच्या स्टँडवर बसवते. तिथे चपला नंबरप्रमाणे लावलेल्या असतात, लोक स्वतःची चप्पल विसरून आधी फोटो काढतात.

तर आता गाडीची गोष्ट. समोरच्या घरात फ्रँक राहायचा, ऐंशी पार केलेला, मूळचा इटलीचा. नजरेच्या ऐन मधोमध काळा डाग झालेला, कडेकडेने काय ते दिसायचं. मागच्या विंटरमध्ये काका त्याचा ड्राइव्हवे शोव्हल करत होते, गराजचं शटर अर्धं वर होतं, आत ब्लँकेटखाली काहीतरी लांबलचक झोपलेलं. काका न विचारता आत गेले, ब्लँकेट उचलून बोट फिरवलं. आतून फ्रँक ओरडला, कोण आहे. काका म्हणाले, "रस्ट." एवढ्याच इंट्रोडक्शनवर त्यांची मैत्री झाली. त्या दिवसापासून तो त्यांचा फ्रँकराव.

ती मसल कार होती. मला आधी माहीतच नव्हतं हा काय प्रकार असतो. दोन दरवाजे, होडीएवढं बोनेट आणि त्याखाली इंजिन कमी, बैल जास्त. सुरू केली की रस्ता ओलांडून माझ्या बेसमेंटमधल्या वाट्या वाजायच्या. रंग कच्च्या कैरीचा. हा फ्रँक तरुणपणी इथल्याच एका गाड्यांच्या प्लांटमध्ये रंगाची गन मारायचा. ही गाडी त्याने स्वतः रंगवली आणि स्वतःच विकत घेतली. बर्फ वितळवायला रस्त्यांवर टाकतात त्या मिठाने पन्नासेक वर्षांत तिचा पत्रा खालून खाल्ला होता. सप्टेंबरअखेर मुलगी त्याला हॅलिफॅक्सला आपल्या अपार्टमेंटमध्ये नेणार होती आणि गाडी जाणार होती सडबरीच्या पुतण्याकडे. त्याआधी एकदा, फक्त एकदा, प्लांटमधून निघाली त्या दिवशी होती तशी ती त्याला हवी होती. "जस्ट लाइक शी केम आउट," तो म्हणाला. काका म्हणाले, तेच तर माझं काम होतं.

गाडी आमच्या गराजमध्ये आली, काकूंचं लोणच्याचं कपाट बेसमेंटमध्ये आलं. मला फोटो काढायचं काम मिळालं: पत्रा घासायच्या आधी प्रत्येक इंचाचा फोटो, वर नंबर. आणि मी आगाऊपणे इंटरनेटवर वाचायला लागले. तिथे एक वेगळंच जग आहे. लोक गाड्या फॅक्टरी-करेक्ट करतात म्हणजे कारखान्यातून निघाल्या तशाच, चुकांसकट. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत रंग असेल तर तसाच खडबडीत मारायचा. फार चांगलं केलं तर गाड्यांच्या शोमध्ये मार्क कापतात. हे मी पळत वर जाऊन सांगितलं तर काका खुर्चीत बसले. "म्हणजे चूक नाही केली म्हणून मार्क कापणार?" मी म्हटलं हो. त्यांनी बीपीची गोळी मागितली.

पण माणूस शब्दाचा पक्का. फ्रँकरावाने सांगितलंय जशी होती तशी, तर तशीच. डाव्या दरवाज्याची फट वर चार मिलिमीटर आणि खाली सहा होती. त्यांनी ती आधी सरळ केली, रात्रभर तळमळले, सकाळी पुन्हा वाकडी केली. मडगार्डवर संत्र्याची साल आणायला गन लांब धरली आणि डोळे मिटून मारली. मी बघत होते, भाजीत मीठ न घालता वाढायला सांगितल्यावर काकूंचा होईल तसा चेहरा. काकू दारात उभ्या राहून म्हणायच्या, "माझ्या पोळीला खुणा करता, आणि त्या कंपनीची फट मोजून परत करता होय? हिशोब लक्षात ठेवते मी." 

फोटो नंबर एकशे बारामध्ये डिकीच्या झाकणाची खालची कड होती. तिथे रंगाचा एक ओघळ होता, भाताच्या शिताएवढा. गन एका जागी क्षणभर थांबली की रंग जमतो आणि खाली उतरतो, तसा. मी तो फोटो काकांना दाखवला. त्यांनी नीट बघितला. म्हणाले, हे कोण बघतंय, आणि ती कड काचेसारखी रंगवली. फट त्यांनी सोसली, साल सोसली, पण ओघळ नाही. बत्तीस वर्षांत एकही ओघळ त्यांच्या हाताखालून गेला नव्हता. मीही बोलले नाही. खरंच, कोण बघणार होतं?

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी दुपारी फ्रँक काठी टेकत आला. काकूंनी चहा आणि चकल्या मांडल्या होत्या. त्याने दरवाज्याला हात लावला नाही, बोनेटला नाही. सरळ मागे गेला, वाकला आणि डिकीच्या कडेखालून बोटं फिरवली. डावीकडून उजवीकडे. मग पुन्हा एकदा, हळू. मग सरळ उभा राहिला आणि पाहुण्यासारखा हसला.

"व्हेरी नाइस कार," तो म्हणाला. "हूज इज इट?"

तो चेष्टा करत नव्हता. हे कळायलाच आम्हाला थोडा वेळ लागला. मग चहा पिता पिता त्याने सांगितलं. प्लांटमध्ये त्याच्या जागेवर रंगाचा पाइप हातभर कमी पडायचा. डिकीच्या शेवटाला आलं की डाव्या हाताने मागे पाइप ओढावा लागायचा, त्या ओढण्यात गन अर्धा सेकंद थांबायची आणि तिथे एक शीत पडायचं. प्रत्येक गाडीला. इन्स्पेक्टर रोज शिव्या घालायचा, गाडी परत पाठवायचा, फ्रँक रोज घासून पुन्हा मारायचा. एक दिवस एक कैरीच्या रंगाची गाडी इन्स्पेक्टरच्या नजरेतून सुटली. फ्रँकने तीच विकत घेतली. आता डोळ्यांनी रंग दिसत नाही, आकार दिसत नाही, पण ते शीत बोटाला लागायचं.

तो गेल्यावर काकांनी हातातली चकली न खाता परत ताटलीत ठेवली. मग म्हणाले, "अगं, तो इन्स्पेक्टर पन्नास वर्षांनी आला. मीच आलो."

पुढचे दहा दिवस आमच्या गराजमध्ये जे चाललं ते बाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. एक रिटायर्ड पेंट इन्स्पेक्टर ओघळ पाडायला शिकत होता. भंगाराचे पत्रे टांगले, गन भरली, आणि ऐन वेळी हात आपोआप पुढे सरकायचा. अकरा पत्रे, अकराही आरशासारखे. काकू त्यातल्या एकात बघून टिकली लावून गेल्या. मग मला गन दिली. मी सात ओघळ पाडले. "हा ओघळ नाही, हा धबधबा आहे," काका म्हणाले. एक त्यातल्या त्यात बरा होता, पण काकांनी बोट फिरवून मान हलवली. शीत आहे, पण त्याचं नाही.

शेवटी काकांनीच झाकण पुन्हा घासलं, रस्ता ओलांडून गेले आणि फ्रँकला हात धरून घेऊन आले. मास्क लावला, गन हातात दिली, त्याच्या दुसऱ्या हाताचं बोट कडेच्या सुरुवातीला टेकवून दिलं आणि बाजूला झाले. फ्रँक म्हणाला, मला काही दिसत नाही. काका म्हणाले, मला दिसतं ना, काळजी नको.

गन सुरू झाली. काठीशिवाय दोन पावलं न टाकणारा माणूस एका लयीत सरकत गेला. आमचा पाइप भरपूर लांब होता, जमिनीवर वेटोळी पडली होती. तरी झाकणाच्या शेवटाला त्याचा डावा हात मागे गेला आणि त्याने पाइप ओढला. काहीच गरज नव्हती. हाताला ते माहीत नव्हतं. अर्धा सेकंद. रंग जमला, फुगला, खाली उतरायला लागला. मी काकांकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवले होते आणि ओघळ उतरेल तसे स्वतःही गुडघ्यांत वाकत होते. शिताएवढा झाला आणि थांबला. काकाही थांबले.

दुसऱ्या दिवशी रंग वाळल्यावर फ्रँक आला, कडेखालून बोट नेलं, आणि शेवटाला बोट अडलं.

"देअर शी इज," तो म्हणाला, आणि बोट तिथेच टेकवून ठेवलं. काकांनी खिशातून पिवळी पेन्सिल काढली.  त्यांनी पेन्सिलीकडे बघितलं, ओघळाकडे बघितलं, आणि ती परत खिशात ठेवली.

महिनाअखेर फ्रँक हॅलिफॅक्सला गेला, गाडी ट्रेलरवर चढून सडबरीला. मीही एटोबिकोला कोंडोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, राहायला आले. लॅपटॉपवरचा तो पिवळा गोल मी अजून पुसलेला नाही. परवा जेवायला गेले तर काकूंनी तक्रार केली की यांच्या फोनवर नातवाचा फोटो होता, तो काढून हा कसला हिरवा डाग लावलाय. मी बघितलं तर फोटो नंबर एकशे बारा. जेवताना काकांचा फोन ताटाशेजारी होता. पोळीची कड जाड होती, त्यांनी तशीच खाल्ली. मधेच स्क्रीन लागली तेव्हा त्यांचं बोट सवयीने फोटोतल्या डिकीच्या कडेवरून डावीकडून उजवीकडे गेलं. काच गुळगुळीत, बोटाला काय लागणार. तरी शेवटाला ते क्षणभर थांबलं.