अर्थिंगच्या बाजूचा माणूस

प्रतिदिनी न बोलावता येणाऱ्या आणि न थकता जाणाऱ्या भगवान सूर्यनारायणाला प्रथम वंदन करतो. रथसप्तमीच्या निमित्ताने आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने प्रत्येकास आपल्या परिसरातील एका व्यक्तीविषयी लिहिण्यास सांगितले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमच्याच इमारतीतील एक गृहस्थ हात जोडून उभे राहिले.

हात जोडून, असे मी अलंकारासाठी म्हणत नाही. दिवेलागणीला दिवा लावल्यावर नमस्कार करण्याची रीत आपल्या घरोघरी आहे. हे गृहस्थ मात्र कुठेही, कधीही दिवा लागला की हात जोडीत. बँकेत, केशकर्तनालयात, लिफ्टमध्येसुद्धा. कुणी विचारले तर म्हणत, "कुणीतरी ड्यूटीवर आहे."

एकदा दाताच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवे असताना डॉक्टरांनी वरचा दिवा लावला. यांनी लगेच हात जोडले. डॉक्टर कळवळून म्हणाले, "काका, घाबरू नका, मुळीच दुखणार नाही." घरी येऊन ही हकिकत त्यांनी स्वतःच सांगितली आणि गाल सुजलेला असतानाही हसले.

त्यांची सारी नोकरी एकलहऱ्याच्या, कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रात बॉयलरवर झाली. आम्ही सारे त्यांना 'साहेब' म्हणत असू. इमारतीत वायर जळल्याचा वास आला, मीटर अडला, पंखा कुरकुरला, की सर्वांचे पाय त्यांच्या दाराकडे वळत. विजेच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे आमच्या सोसायटीत आप्तवाक्यच. पुढे सारा पेच उभा राहिला, तोही त्यामुळेच.

त्यांची एकुलती एक कन्या अभियंता. अंबडच्या एका कारखान्यात तिची चांगली नोकरी होती. ती सोडून तिने घरांच्या छतांवर आणि शेतांवर सौरपॅनेल बसवण्याचा स्वतःचा व्यवसाय आरंभला. साहेबांना ते रुचले नाही. सकाळी फिरताना मला म्हणत, "गुरुजी, माझी पोर आता ऊन विकते."

मी म्हटले, "ज्याला आपण रोज अर्घ्य देतो, त्याचाच प्रसाद वाटते आहे, असे समजा."

"सूर्य थोरच आहे हो. पण तो कुणाचं ऐकतो का? बॉयलर माझं ऐकायचा!"

हे थट्टेचे बोलणे एके दिवशी घरात वादापर्यंत गेले. ऊन विकण्याचा टोमणा पुन्हा एकदा ऐकल्यावर लेक बोलून गेली, "आणि तुम्ही जन्मभर धूर विकलात." साहेब जेवता जेवता उठले. त्या दिवसापासून दोघांत कामापुरतेच बोलणे राहिले. हे मला त्यांच्या पत्नीने सांगितले, तेही जिन्यात आणि दबक्या आवाजात.

अशा दिवसांतच आमच्या सोसायटीपुढे गच्चीवर सौरपॅनेल बसवण्याचा प्रस्ताव आला. तो त्या मुलीनेच मांडला होता. तिच्या व्यवसायातील ते पहिले मोठे काम ठरणार होते. आमच्या खजिनदारांनी मान हलवली. "साक्षात बापाला पटत नाही, तर आपण कशाला उडी घ्या?" साहेब सभेत गप्प बसून राहिले आणि निर्णय पुढे ढकलला गेला.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. "गुरुजी, बाबांना तुम्ही समजवा ना. मी राहते त्या इमारतीनंच नाही म्हटलं, तर निफाडकडचे बागायतदार मला दारात तरी उभं करतील का?"

उपदेशाने माणसे बदलतात यावर, आयुष्यभर शिकवूनही, माझा फारसा विश्वास नाही. परंतु त्याच सुमारास आपल्या शहरात अक्षय ऊर्जेची एक परिषद भरणार होती आणि आरंभीच्या सूर्यस्तवनासाठी मला निमंत्रण होते. मी साहेबांना म्हटले, "मला सोबत हवी." माझ्या मनातले ते ओळखून होते. तरी इस्त्रीचा सदरा घालून वेळेआधी दारात येऊन उभे राहिले.

सभागृहात मुंगीलाही शिरायला वाव नव्हता. अशा परिषदेला टाय लावलेली चार माणसे असतील, अशी माझी कल्पना होती. तिथे तर सोसायट्यांचे सचिव, बचत गटाच्या महिला, पिठाची गिरणी चालवणारे, द्राक्षबागायतदार अशी गर्दी लोटली होती. एक आजीबाई तर वीजबिल हातात घेऊनच आल्या होत्या. स्तवन म्हणून मी साहेबांशेजारी येऊन बसलो. व्यासपीठावरचे एक तरुण वक्ते आवेशाने म्हणाले, "कोळशाचं युग हे काळं युग होतं!" टाळ्या पडल्या. साहेबांचे ओठ घट्ट मिटले. आता हे उठून जाणार, असे मला वाटले. ते उठलेही, पण मी त्यांना चहाच्या निमित्ताने शेजारच्या दालनाकडे वळवले.

तिथे निरनिराळ्या व्यावसायिकांचे गाळे होते. एका लहानशा गाळ्यावर त्यांची लेक उभी होती. तिची आमच्याकडे पाठ होती. समोर पांढरी टोपी घातलेले निफाडकडचे एक शेतकरी होते.

"ताई, दिवसा पाणी भरता येईल ना? आमच्याकडं लाईट रात्रीची. उसात बिबट्या हाय. मी पिकाला बारं द्यायला जातो अन् मंडळी घरात बसून राहती, ह्यो माघारी येतो का नाय म्हून."

"भरता येईल, काका. पण ढग आले की पंप कमी पाणी ओढेल, हे आधीच सांगते."

"खरं बोलती, मंग इचार करायला हरकत नाय."

साहेब तिथेच खिळले. हातातला चहा निवून गेला. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "गुरुजी, रात्रपाळीला जाताना मला वाटायचं, आपण जागे आहोत म्हणून सगळा जिल्हा निवांत झोपलाय. हा माणूस तर जागाच होता."

मी त्यांच्या हातातला कप काढून घेतला.

ते पुढे झाले आणि थेट त्या शेतकऱ्याला म्हणाले, "दादा, काहीही बसवा, पण अर्थिंग नीट करून घ्या. ओल्या रानात उघडी वायर ठेवाल तर बिबट्या परवडला!" मग पंप केवढा हवा, वायर कशी पुरावी, विजा कडाडल्यावर काय करावे, असे त्यांचे निरूपण सुरू झाले. भोवती माणसे जमली. शेजारच्या गाळ्यावरचे लोकही इकडे सरकले.

लेक चकित होऊन पाहत होती. शेवटी म्हणाली, "बाबा, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

"अर्थिंगच्या बाजूचा."

ती हसली, आणि हसता हसता तिने चटकन तोंड फिरवले. मग आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवून म्हणाली, "बसून सांगा. पाय दुखतील." पुष्कळ दिवसांनी त्या दोघांत कामापलीकडचे वाक्य झाले होते.

पुढच्या सभेत साहेब उभे राहिले. "मी बॉयलर चालवला. त्याची मला लाज नाही. आता माझ्या डोक्यावर माझ्या पोरीनं पॅनेल बसवावेत, याचीही नाही. माझं मत, होय."

खजिनदारांनी सर्वांच्या आधी हात वर केला. मागून एक वहिनी म्हणाल्या, "आणि आमच्या कुरडया, पापड वाळवायचे कुठं?" साहेबांनी गंभीरपणे निवाडा दिला, "टाकीच्या पूर्वेची जागा वाळवणाची. ऊन दोघांना पुरेल." प्रस्ताव मंजूर झाला आणि यथावकाश गच्चीवर पॅनेल बसलेही.

आणि मग दसरा आला. आपण शस्त्रे, यंत्रे, वाहने पूजितो. साहेबांनी पहाटेच गच्चीवर जाऊन प्रत्येक पॅनेलवर हळदकुंकवाचे ठसठशीत स्वस्तिक काढले आणि झेंडूचे भरघोस हार आडवे घातले. दहाच्या सुमारास लेकीचा फोन आला. गच्चीवर किती वीज तयार होते, ते तिला मोबाइलवर दिसते.

"बाबा, इमारतीची वीज अर्ध्यावर आलीय. वर कशाची सावली पडतेय?"

साहेब म्हणाले, "भक्तीची."

"काढा ती आधी!"

आम्ही दोघे म्हातारे ओले फडके घेऊन स्वस्तिके पुसत होतो. ते म्हणाले, "बॉयलरला एवढे हार घातले, कधी कुरकुरला नाही." मी म्हटले, "ज्याची पूजा करायची त्याच्याच तोंडावर पदर टाकला, साहेब!" ते सगळे हार मग गच्चीच्या दाराला लागले.

आता सकाळी मी एकटाच फिरतो. लेकीचे काम निफाडकडे वाढले, तिथे तिने लहानसे कार्यालय थाटले, आणि साहेब पत्नीसह तिकडेच राहावयास गेले. त्यांच्या बंद दाराशी माझी पावले अजूनही किंचित रेंगाळतात.

मागील महिन्यात त्यांना भेटण्यास गेलो. एका शेतातल्या शेडवर पॅनेल बसवण्याचे काम चालले होते. लेक पत्र्यावर चढत होती आणि साहेब खाली, डोक्याला उपरणे बांधून, शिडी धरून उभे होते. मी हाक मारली. त्यांनी मान वळवली, ओळखीचे हसले, पण शिडीवरचा हात काही सोडला नाही.

वरून तिने विचारले, "बाबा, धरलीय ना?"

"धरलीय. चढ तू."

वाचकहो, सूर्यनारायणाची कृपा आपणा सर्वांवर असो. आपल्या घरात धान्य, आरोग्य आणि प्रकाश नांदो. लेकराबाळांना उंच चढण्याचे धैर्य मिळो, आणि त्यांची शिडी धरणारे हात आपल्या कुटुंबात दीर्घायुषी होवोत.