बिनधुराचं भरीत

लढाई संपली हे जगात एकाच माणसाला कुणी कळवलेलं नव्हतं, आणि तो माणूस म्हणजे माझ्या बायकोचे थोरले काका. अमळनेरजवळच्या त्यांच्या गावात सगळे त्यांना आबा म्हणतात. तरुणपणी ते पूर्वेकडच्या डोंगराळ जंगलात शत्रूच्या पाठीमागे शिरणाऱ्या लहानशा कमांडो तुकडीत होते. लढाईनंतर तुकडीतले सगळे घरोघरी गेले. आबा मात्र जंगलातच राहिले. बाजारात ज्या रस्त्याने जात त्या रस्त्याने ते परत येत नसत, त्यामुळे मेथीच्या दोन जुड्यांसाठी अख्खं अमळनेर पालथं घालत. दाराशी आले की होल्या पाखरासारखे घुमत. काकूंनी आतून तवा वाजवला तरच पाऊल आत. एकदा काकू माहेरी गेल्या होत्या, तर हे तिन्हीसांजेपर्यंत निंबाखाली दबा धरून बसले. कुलूप त्यांनीच लावलं होतं आणि किल्ली त्यांच्याच खिशात होती.

आम्ही जळगावहून मुलगी बघायला गेलो, तेव्हा आबा आमची टेहळणी तुरीच्या शेतातून करत होते. माझे वडील आडोसा म्हणून नेमके त्याच तुरीत शिरले. 'हात वर!' असं कानावर पडताच त्यांनी ते निमूटपणे वर केलेही. पुढे व्याह्यांकडे जायचं म्हटलं की वडील सगळं घरूनच उरकून निघत.

हेही आम्ही हसण्यावारी नेलं असतं, पण आबांनी हात घातला तो थेट भरिताला. हिवाळ्यात शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची नाहीत, तर खानदेशात राहायचं तरी कशाला? आबांच्या शेतात मात्र धुराला बंदी. ते खड्डा खणून, वर ओली पोती टाकून वांगी भाजत; भाजत कसली, नुसती समजूत काढत. आणि ती कच्ची वांगी आम्ही वा वा करत गिळत असू.

"धूर दखायना का बठ्ठा मरेल समज," आबा म्हणत. म्हणजे धूर दिसला की सगळे मेलेच.

"पण आबा, इथे शत्रू कुठला?"

"दुश्मन काय सांगीसन येस का?"

खरं कारण मला काकूंनी सांगितलं. त्या जंगलात एका ओसाड झोपडीमागे आबांना वांग्याचं झाड दिसलं. भुकेला खानदेशी माणूस! त्यांनी काटक्या पेटवल्या. वांगं भाजून व्हायच्या आतच धुराच्या रोखाने गोळी आली आणि शेजारी बसलेल्या पिंपळनेरच्या जोडीदाराचा गुडघा घेऊन गेली. आबांनी त्याला पाठीवर घालून डोंगर उतरवला. तेव्हापासून दर हिवाळ्यात ते त्याला भरिताला बोलावत, आणि दर हिवाळ्यात तो काहीतरी सबब सांगे. "गुडघा नई म्हनस," असं पुटपुटत आबा खड्ड्यावर आणखी एक पोतं टाकत. त्याने आपल्याला माफ केलेलं नाही, ही त्यांची खात्रीच होती.

यंदा मात्र तो येतो म्हणाला. दुपारी फाट्यावर एसटीतून उतरल्याचा फोन आला आणि त्यानंतर फोन लागेचना. उभ्या कपाशीत म्हातारा वाट चुकला असणार. आबा बांधावर चढून होल्यासारखे घुमू लागले.

"तेस्ले ऐकू कमी येस," काकू म्हणाल्या आणि त्यांनी काड्यापेटी पुढे केली.

आबांनी ती घेतली. मग त्यांनी पोती भिरकावली, काड्यांचा ढीग रचला, पेटवला आणि सवयीने पालथे पडले. आम्हालाही पाडलं. नेसत्या भारी साडीनिशी माझी बायको ढेकळांत आडवी, आणि वर धुराचा हा लोट!

काठी टेकत, पाय ओढत पाहुणे आले तेव्हा अख्खं कुटुंब जमिनीला चिकटलेलं होतं.

"तुना धूर मी कोठेबी वळखसू," ते म्हणाले. आबांनी मान वर केली नाही. पाहुणे कसेबसे त्यांच्याशेजारी बसले. "ऊठ ना भो. त्या रोजनं भरीत खावानं ऱ्हाई जायेल शे, ते खावाले उनू."

त्या दिवशी वांगी पुरती भाजली. आबांनी पहिला घास जोडीदाराच्या हातावर ठेवला आणि तो गिळेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

संध्याकाळी आबा त्याला फाट्यापर्यंत सोडायला गेले आणि त्याच रस्त्याने परत आले. दाराशी घुमले नाहीत; सरळ घरात शिरून चपला काढल्या. काकू तवा हातात धरून कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या.