पाळणाघरातलं कोर्ट

मावशीनं आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेतला, असं तिचा नवरा ऊठसूट म्हणायचा, आणि खोटं कशाला बोला, त्यात तथ्य होतं. जिल्हा कोर्ट गावात यावं म्हणून दारोदार फिरून सह्या कुणी गोळा केल्या? याच बाईनं. नगरपालिकेच्या हॉलमध्ये ती पाळणाघर चालवायची. शर्टाच्या कारखान्यात जाणाऱ्या बायकांची पोरं तिच्याकडे असत. त्यातल्या काहींच्या केसेस दूरच्या कोर्टात होत्या. बिचाऱ्या पहाटेची बस पकडायच्या, दिवसभर ताटकळायच्या आणि पुढची तारीख घेऊन परत यायच्या. मजुरी बुडायची ती वेगळीच. मावशीला ते बघवेना. तिनं सरळ नगराध्यक्षांच्या दारात ठिय्या दिला.

आणलं हो त्यांनी कोर्ट! सरकार म्हणालं, जज देतो, कारकून देतो, जागेचं तुमचं तुम्ही बघा. नवी इमारत बांधावी तर तिजोरीत खडखडाट. मग नगराध्यक्षांची नजर गेली पाळणाघराच्या हॉलवर. पाळणे बाहेर, खुर्च्या आत. भिंतीवरचे हत्ती आणि ससे चुन्याखाली गेले. उद्घाटनाला नगराध्यक्ष छाती फुगवून म्हणाले, "गावावर एका पैशाचा बोजा न टाकता कोर्ट आणलं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. बोजा पडला होता मावशीच्या दोन खोल्यांवर. एकीत रांगणारी पोरं, दुसरीत पळणारी, आणि त्यांच्या गराड्यात जन्मभर बस चालवून थकलेला तिचा नवरा. एके दिवशी एका खेळण्यावर पाय पडून तो असा आपटला की पंधरवडाभर अंथरुणातून उठला नाही. मावशी ढसाढसा रडली आणि शब्द देऊन बसली, "महिनाअखेर बंद करते. बास झालं."

नेमकी तेव्हाच बटणवाली आली. कारखान्यात बटणं लावायची म्हणून हे नाव. तिच्या नवऱ्यानं तीन वर्षांचं पोरगं उचलून स्वतःच्या आईकडे ठेवलं होतं आणि हिला तोंडसुद्धा बघू देत नव्हता. केस आता नव्या कोर्टात आली होती.

"मावशी, माझ्यासाठी साक्ष द्याल? तू कामावर गेलीस की पोराला कोण बघणार, असं जज विचारणार. मी तुमचं नाव सांगितलंय."

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. बंद करणार आहे, हे त्या पोरीच्या तोंडावर सांगणार कसं? "येते," एवढंच म्हणाली.

तारखेला नवराही काठी टेकत बरोबर आला. नको म्हटलं तरी ऐकेल तर ना. जज म्हणजे चष्मा कपाळावर चढवलेली एक तरुण बाई होती. समोरच्या वकिलानं मावशीला विचारलं, "तुमचं पाळणाघर आहे कुठे?"

"तुम्ही उभे आहात ना, तिथंच होतं."

लोक हसले. जजसाहेबही हसल्या, आणि मग चुना फासलेल्या भिंतींकडे बघू लागल्या.

"आता तुमच्या घरी चालतं, आणि महिनाअखेर बंद होणार. खरं का?" वकिलाला कुठून कुणकुण लागली होती, देव जाणे.

बटणवालीचा चेहरा खर्रकन उतरला. तिला यातलं काही ठाऊकच नव्हतं. हो म्हणावं तर पोरगं गेलं, नाही म्हणावं तर शपथेवर खोटं.

"खरं आहे," मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला. "साहेब, हे कोर्ट मागायला मीच पुढे होते. त्यापायी आमचीच पोरं रस्त्यावर येतील, हे कुणी बोललं नाही. घरात माणूस पडला, म्हणून मी त्याला शब्द दिला. आता त्या शब्दापायी हिचं पोर जाणार असेल तर मी करू तरी काय?"

मागच्या बाकावरून नवरा काठीच्या आधारानं उठला. "साहेब, तो शब्द मला दिलाय. मी सोडला तिला त्यातून. पाळणाघर बंद होणार नाही. घ्या लिहून."

"तुम्ही साक्षीदार नाही, बसा खाली," जजसाहेब म्हणाल्या, पण रागावून नाही. मावशीकडे वळून त्यांनी विचारलं, "काय लिहू?"

"चालू राहील, असं लिहा," मावशी म्हणाली.

पोरगं आईला मिळालं. उठताना जजसाहेब म्हणाल्या, "या जागेबद्दल मी वर लिहीन. काय होईल ते सांगता येत नाही."

"लिहा. पण कोर्ट मात्र हलवू नका, साहेब. आमच्या अजून पुष्कळजणी रांगेत आहेत."

पोरगं मात्र आजीच्या कमरेला घट्ट चिकटून राहिलं. सहा महिने आई दिसलीच नव्हती. सोडवून घेताना त्यानं बटणवालीला चावे घेतले, आणि त्या रात्री ते तिच्याकडे पाठ करून झोपलं.

पुढच्या सोमवारी ती त्याला मावशीच्या दारात सोडून निघाली, तसं त्यानं जे भोकाड पसरलं! मावशीनं त्याला कडेवर घेतलं आणि बाहेर पाहिलं, तर बटणवाली कोपऱ्यावर थबकून उभी.

"अगं, भोंगा झाला की! कामावर जायचं नाही का?"

"मावशी, तो कुणाला हाका मारतोय?"

"कुणाला म्हणजे? आईला. तुला गं."

बटणवाली तिथंच मटकन खाली बसली आणि तोंड झाकून रडायला लागली. मावशीनं तिला थोडा वेळ तसंच रडू दिलं.