मिलिंदच्या अर्जावरील मोकळी जागा

बारामतीच्या टपाल कार्यालयात मिलिंदला आलेल्या नोटिशीचे उत्तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती खिशात घालत होतो, तेवढ्यात त्याच्या पत्नीचा, सुनंदाचा, त्यांच्या गावाहून, वरकुट्याहून फोन आला. "तात्या, ह्ये गेलं... सकाळी उठलंच न्हायत." त्याला आता दीड महिना झाला. वय अवघे एकेचाळीस. डॉक्टरांनी कारण हृदयविकार लिहिले आहे. त्यावर हरकत घेण्याचा अधिकार मला नाही. माझे समाधान मात्र झालेले नाही.

मिलिंद माझ्या वरच्या खोलीत शिकण्यासाठी राहायला आला आणि घरचाच झाला. न्यायालयात लिपिक म्हणून माझी हयात गेली, त्यावरून तो चिडवी, "तात्या, तुमी स्वर्गाच्या दारातबी पोच मागशीला." पुढे तो एका धर्मादाय रुग्णालयात संगणकांचे काम पाहू लागला. तिथल्या सर्व्हरवर कंत्राटदाराने तपासणी अहवालांचे सॉफ्टवेअर आधी चुकीचे बसवले, मग ते अर्धवट काढून शेजारी दुसरे बसवले. वीज जाऊन आली की जुनेच आधी सुरू होई, नवे अहवाल त्याच्या पोटात जात आणि डॉक्टरांच्या पडद्यावर काहीच दिसत नसे. "एक खुर्ची, दोन कारकून," मिलिंदने मला समजावले. "ज्यो आधी उठंल त्यो बसतो. नुसतं काढलं म्हंजी गेलं न्हाय, तात्या. त्याचं कायतरी मागं ऱ्हातंच." ते मुळासकट कसे काढायचे, याचा क्रम त्याने वहीच्या पानावर लिहून ठेवला होता: आधी जुने सॉफ्टवेअर थांबवणे, त्यातल्या अहवालांची नक्कल घेणे, ती उघडून पाहणे, मग सॉफ्टवेअर, त्याच्या सेटिंगच्या फायली आणि आपोआप सुरू होण्याची नोंद काढणे, शेवटी यंत्र पुन्हा चालू करून काही उठते का पाहणे.

मी त्याला अडवले. म्हणालो, "लेखी परवानगीशिवाय हात लावू नकोस. उद्या पुरावा नष्ट केला म्हणतील."

"तात्या, रविवारचं दोन तासांचं काम हाय."

"अर्ज कर."

रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला अर्ज मीच लिहिला. त्यामागून दोन स्मरणपत्रेही मीच लिहिली. पोच तिन्हींची मिळाली, उत्तर एकाचेही नाही. दरम्यान एकदा वीज गेली आणि एका बाईचा रक्ताचा अहवाल दोन दिवस त्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पडून राहिला. बाई कशीबशी वाचली. ज्याने तीनदा लेखी बजावले होते, त्याच्याच हाती हलगर्जीपणाची नोटीस आणि निलंबनाचा आदेश पडला. त्यानंतर तो वरकुट्याला गेला तो परतलाच नाही. फोनवर इतकेच म्हणाला, "लोकं इचारत्यात, तात्या. काय सांगू..."

गेल्या आठवड्यात रुग्णालयाचे पत्र आले: कर्मचारी मयत झाल्याने चौकशी बंद करण्यात येत आहे. बंद केली, निर्दोष ठरवले नाही. ठपका फायलीत होता तिथेच आहे, आणि त्याची मुलगी उद्या तो वाचू शकेल. मी पुन्हा लिहिले आहे. तो ठपका निघेपर्यंत लिहीत राहीन.

वरची खोली मी कोणाला दिलेली नाही. टेबलावर त्याचे ते वहीचे पान आहे, पहिल्या अर्जाच्या प्रतीला टाचलेले. अर्जाच्या तळाशी 'परवानगी दिली' आणि त्यापुढे सहीसाठी रेघेवर मोकळी जागा. पट्टी लावून ती रेघ मी आखली होती. त्याने ती मागितली नव्हती; त्याला फक्त रविवारचे दोन तास हवे होते...