पेरूवरची माशी आणि विशाखाताई

विशाखाताई गेल्याचं त्यांच्या भावाच्या फोनवरून कळलं. हसनाबादला पुतणीच्या लग्नाला गेल्या होत्या, मांडवातच छातीत कळ आली... महिना उलटून गेला, तरी सकाळी फाटक वाजलं की मी चहात पाणी वाढवते.

जालन्यात आमची घरं समोरासमोर. त्या कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या अधिकारी, पण बोलणं गावाकडचंच राहिलेलं. गल्लीतल्या पेरू-आंब्यांवर त्यांनी फळमाशीचे सापळे टांगले होते आणि दर आठवड्याला त्या फिरून आत डोकावत. एकदा माझ्या पेरूवरच्या सापळ्यात त्यांना निराळीच माशी दिसली. "ही आपल्याकडची न्हाई, वहिनी. बाहेरच्या फळांच्या पेटीतून आलेली दिसती." माशी त्यांनी कृषी विद्यापीठात पाठवली आणि उत्तराची वाट न बघता घरोघर निघाल्या. झाडावरचं, खाली पडलेलं, सगळं फळ गोळा करून खोल पुरायचं. काहींनी दारातूनच परतवलं. त्या पुन्हा गेल्या.

अडून बसले ती मी. ते झाड ह्यांनी जांब समर्थहून स्कूटरवर, दोन पायांत धरून आणलेलं. हे गेल्यानंतरचा तो पहिला बहर. "चार पेरू तरी राहू द्या," मी म्हणाले.

"एका पेरूतल्या आळ्या बस्स झाल्या, वहिनी. हितून मोसंबीच्या बागांत जायला तिला येळ न्हाई लागत. मंग त्या लोकांनी काय करायचं?" मग झाडाकडे बघत म्हणाल्या, "पण तोडा तुम्हीच. मी खाली पिशवी धरते."

मी एकेक फळ तोडून दिलं. खड्ड्यावर माती लोटताना मात्र माझा बांध फुटला. त्या शेजारी मातीतच बसल्या. "रडा. मला कुठं जायचं न्हाई. बसून राह्यले मी हितं."

माशी बाहेरचीच होती, असं विद्यापीठाने कळवलं. पुढे ती आमच्या सापळ्यांत पुन्हा दिसली नाही. नव्या बहराचा पहिला पेरू विशाखाताईंनी चिरला, उजेडात धरून फोडन् फोड न्याहाळली आणि पहिली माझ्या हातावर ठेवली. "खा. बिलकुल चांगला हाय." दुसरी फोड त्यांनी ह्यांच्या फोटोपुढे ठेवली.

परवा सापळ्यातली, माशीला ओढणारी वासाची वडी संपलेली दिसली. ती बदलायचं काम कायम त्यांचं. मी स्टुलावर चढले, नवी बसवली. बोटांना लवंगेसारखा वास लागला. हाच वास त्यांच्या पदराला असायचा... संध्याकाळपर्यंत मी हात धुतले नाहीत.